बालसंगोपन : परातीतला खेळ

सांगलीच्या गणपती पेठेत खाली धान्य-हळदीचे अडत दुकान आणि वर राहते घर, अशा एका कुटुंबातील ही गोष्ट. दुपारची वेळ होती. दीड वर्षांचा नातू माजघरात पितळी परातीत बसला होता. कोपरापर्यंत दोन्ही हात पिवळ्या लापशीने माखलेले आणि बोटे नुकतीच तोंडात गेलेली. आजी सामायिक आटोपून बाहेर आल्या आणि दारातच थबकल्या. सून म्हणाली, "आई, घाबरू नका. तोंडात गेले तरी चालेल असेच आहे सगळे. कॉर्नफ्लोअर आणि हळद." आजींनी एवढेच विचारले, "ते खरे गं, पण एवढे पीठ नंतर जाणार कुठे?"

प्रश्न साधा होता, परंतु त्या घरात त्याला वजन होते. पोते उसवताना जमिनीवर सांडलेले चार दाणे अण्णा आजही स्वतः वाकून वेचतात; धान्याला पाय लागला तर हात आपोआप कपाळाकडे जातो. श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडविरमण हे एक व्रत सांगितले आहे. त्यातील प्रमादचर्येत विनाकारण पाणी सांडणे, माती उकरणे, पाने-फुले तोडणे हे सारे येते. आजींचा आक्षेप नातवाच्या माखलेल्या हातांना नव्हता, परातीतल्या अर्धा किलो पिठाला होता, आणि तो रास्त होता. मोबाइलवरच्या ज्या चित्रफिती पाहून आजच्या तरुण आया हा खेळ मांडतात, त्यांत रंगवलेला किलोभर तांदूळ आणि टब भरून शेवया असतात. ते सारे एका चित्रणापुरते मांडले जाते आणि पुढे कचऱ्यात जाते.

सुनेचे कारण मात्र निष्कारण नव्हते. नातू कोरडे तेवढेच खात असे. बिस्कीट, खाकरा, भाकरीचा पापुद्रा. वरणभाताचे एक शीत तळहाताला चिकटले तरी तो हात झटकून रडू लागे. पिकलेले केळे दिसताच तोंड फिरवी. बालरोगतज्ज्ञांनी तपासून आजार नाही असे सांगितले होते आणि सुचवले होते की, मऊ, ओले, चिकट यांची ओळख आधी हातांना होऊ द्यावी. जेवणाच्या ताटात नव्हे, खेळात. ताटापाशी सगळ्यांचे डोळे मुलाच्या तोंडाकडे लागलेले असतात. परातीपाशी कोणी काही मागत नाही.

या सल्ल्याला आधार आहे. २०१७ साली इंग्लंडमधील लेस्टर येथील डी माँटफोर्ट विद्यापीठातील संशोधकांनी तीन-चार वर्षांच्या ६२ मुलांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना खऱ्या फळा-भाज्यांना हात लावून खेळू दिले, त्यांनी नंतर इतरांपेक्षा अधिक प्रकार चाखून पाहिले. आपल्याकडे ही जाण त्याहून जुनी आहे. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेका यांच्यासह काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा परदेशी महागड्या साधनांऐवजी बिया, शंख-शिंपले, पाने, माती अशी गावातलीच साधने मुलांच्या हाती दिली. मूल हाताने शिकते, हे त्या कामामागचे गृहीत होते. दीड वर्षाचे मूल त्याहीपुढे जाते. ते तोंडानेही शिकते. ओठ, जीभ आणि बोटांची टोके ही स्पर्श ओळखणारी सर्वांत तीक्ष्ण स्थाने. म्हणूनच या वयाच्या मुलाला खेळायला दिलेली वस्तू तोंडात जाणार नाही असे धरून चालणे व्यर्थ आहे. ती जाणारच, असे मानूनच परात मांडावी लागते.

दोन-तीन दिवस घरात यावर बोलणे झाले. शेवटी आजींनी परवानगी दिली, पण अटींसह. सामग्री दोन मुठींहून अधिक नको. स्वयंपाकघरात जे चालत नाही ते परातीतही नको. पाणी गाळलेलेच. खेळ सूर्यास्तापूर्वी आटोपायचा, कारण मूल चाटणार म्हणजे ते खाणेच झाले. आणि दोन घटकांच्या, म्हणजे ४८ मिनिटांच्या आत परात धुऊन पुसून जागेवर गेली पाहिजे. उष्टे पीठ पडून राहता कामा नये. सुनेला आधी या अटी जाचक वाटल्या. आठवड्याभरात तिच्या ध्यानात आले की, दीड वर्षाचे मूल एका जागी पंधरा-वीस मिनिटांपेक्षा अधिक रमत नाही, दोन मुठींत त्याचे पुरेपूर भागते, आणि ताजे करून त्याच दिवशी संपवण्याचा नियम डॉक्टरही सांगतात. शिजवलेला तांदूळ सामान्य तापमानाला तासन्तास राहिला की त्यात जंतू वाढतात. ओलसर पिठाचा गोळा डब्यात घालून आठवडाभर वापरण्याची जी रीत चित्रफितींत दाखवतात, ती तोंडात जाणाऱ्या सामग्रीला मुळीच लागू नाही.

सर्वांत उपयोगी पडली ती तांदळाची उकड. मोदकांसाठी करतात तीच. एक वाटी पाणी उकळून त्यात चमचाभर तेल घालावे, एक वाटी तांदळाचे पीठ घालून ढवळावे, झाकण ठेवून वाफ आणावी आणि सोसवेल इतपत निवल्यावर तेलाच्या हाताने मळून घ्यावी. मीठ घालू नये. दोन मुलांना पुरेल एवढा गोळा होतो. एकासाठी अर्धेच प्रमाण घ्यावे. बाजारातील खेळाच्या मातीची जागा ही उकड सहज घेते, तिचे गोळे होतात, लाटता येते, वाटीचा ठसा उमटतो, आणि ती पूर्ण शिजलेली असते. सुरुवातीला नातवाने तिला एका बोटाने टोचले आणि बोट लगेच आजीच्या पदराला पुसले. ती ओळखीची पहिली पायरी होती.

दुसरा प्रकार खळीचा. एक भाग कॉर्नफ्लोअर आणि चार भाग पाणी. कॉर्नफ्लोअर आधी थोड्या गार पाण्यात कालवावे, मग उरलेल्या पाण्यासह मंद आचेवर ढवळत राहावे. पांढरेपणा जाऊन ती काचेसारखी दिसू लागली की उतरवावी. गार झाल्यावर दोन-तीन वाट्यांत वाटून रंगवली की बोटांनी चित्र काढायचा रंग तयार. त्या पहिल्या दुपारी सुनेने केली होती ती न शिजवलेली लापशी, दोन भाग कॉर्नफ्लोअर आणि एक भाग पाणी. तिची गंमत वेगळी असते. मुठीत दाबली की घट्ट होते, मूठ उघडली की वाहू लागते. थोड्या मोठ्या, चाटणे सोडलेल्या मुलांसाठी ती ठेवावी. कोरडे कॉर्नफ्लोअर मात्र कोणत्याही वयाच्या लहानग्यापुढे मोकळे ठेवू नये. त्याची भुकटी उडते आणि श्वासात जाते.

तिसरा प्रकार ओल्या वाळूसारखा लागतो. लाडवासाठी भाजतात तितके खमंग भाजलेले बेसन वा कणीक, आठ भाग पिठास एक भाग गोडेतेल. मुठीने दाबले की मूद होते, बोट लावले की भुगा. जे पीठ आणि तेल मुलाच्या पोटात आधी जाऊन सोसले आहे तेच घ्यावे. नव्या पदार्थाची पहिली ओळख परातीत करू नये, कारण कशाचे वावडे आहे हे तेथे कळणार नाही.

रंगांचा प्रश्न जैन घरात जरा निराळा आहे. इंटरनेटवरची प्रत्येक दुसरी कृती लाल रंगासाठी बीट घ्या म्हणते आणि नारिंगीसाठी गाजर. दोन्ही कंदमुळे. त्यांची जागा कोकणातल्या आमसुलांनी भरून निघते. चार आमसुले वाटीभर कोमट पाण्यात तासभर भिजवून गाळली की सुरेख तांबडे पाणी मिळते. पिवळ्यासाठी हळद. निळ्यासाठी गोकर्णाच्या गळून पडलेल्या, सुकवलेल्या पाकळ्या गरम पाण्यात घालाव्यात. फक्त पाकळ्या, शेंगा-बिया नव्हेत. त्या निळ्या पाण्यात लिंबाचे दोन थेंब पडले की ते जांभळे होते, आणि हा चमत्कार पाहायला दुकानातले दिवाणजीसुद्धा एकदा वर येऊन गेले. निळ्यात हळद मिसळली की हिरवा होतो. म्हणजे चातुर्मासात पालेभाजीवाचून अडत नाही. हळद घरची दळलेली असावी. बांगलादेशात हळद पिवळीधमक दिसावी म्हणून हळकुंडांना शिसेयुक्त रंग लावला जात असल्याचे २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी सुट्या पुडीत काय आहे हे मानांकन सांगत नाही. हळदीच्या डागांची चिंता मात्र नको. कपडा धुऊन उन्हात वाळत घातला की डाग फिका पडत जातो.

बाजारी सामानाविषयी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर हिरवा ठिपका पाहून घेण्याची सवय आपल्याला आहे. खेळाची माती, स्लाइम, बोटांचे रंग ही खाद्यवस्तू नसल्याने त्यांवर तो ठिपका असतच नाही. त्यावर 'विषारी नाही' असे छापलेले असते आणि आई त्याचा अर्थ 'खाल्ले तरी चालेल' असा घेते. तो अर्थ नाही. स्लाइमच्या अनेक कृतींत टाकणखार असतो, जो मुलाच्या पोटात जाणे धोक्याचे. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, ते पाहून घ्यावे. परंतु तेही खाण्यायोग्यतेचे प्रमाणपत्र नव्हे. खाद्य म्हणून विकल्या जाणाऱ्या तयार जेलीत बहुधा जिलेटिन असते, म्हणजे प्राण्यांची हाडे-कातडी. 'नैसर्गिक लाल' म्हणून मिळणाऱ्या काही रंगांत कार्माइन असते, ते किड्यांपासून काढतात. जिलेटिनऐवजी चायना ग्रास सुचवले जाते. ते समुद्री शेवाळाचे, म्हणून ज्या घरांत शेवाळ वर्ज्य मानतात तेथे तेही नको. साबुदाणा कंदापासून होतो. बेसनात कच्चे दही कालवायला सांगणारी कृती द्विदल पाळणाऱ्या घरात बादच. मध आपल्याकडे त्याज्य आहेच. एक वर्षाखालील बाळाला तो वैद्यकशास्त्रही देऊ देत नाही, कारण त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

इथवर आजींचा नियम आणि डॉक्टरांचा नियम हातात हात घालून चालले. पण 'घरात खातात ते सुरक्षित' हे सूत्र शेवटपर्यंत पुरत नाही, आणि ते जिथे तुटते तिथेच खरा धोका आहे.

पोळ्या लाटताना रडणाऱ्या मुलाच्या हाती कणकेचा गोळा देणे, त्याची चिमणी करून दाखवणे, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. कच्चे पीठ मात्र निर्जंतुक नसते. अमेरिकेत २०१६ साली कच्च्या पिठातून ई. कोलाय जंतूंची लागण पसरली, तेव्हा आजारी पडलेल्यांत उपाहारगृहात खेळायला दिलेल्या कच्च्या कणकेशी खेळलेली मुलेही होती. म्हणून सर्व काही चाटणाऱ्या वयाच्या मुलाला कणकेऐवजी उकडीचा गोळा द्यावा. मोठ्या मुलाला कणीक दिली तर नंतर साबणाने हात धुवावेत. पिठात निम्मे मीठ घालून केलेला गोळा टिकतो खरा, परंतु तो लहान मुलासाठी नाही. त्याचे चार-दोन घास पोटात गेले तर रक्तातील मीठ घातक पातळीला पोचू शकते.

आणि मग दाणे. अण्णांचा नातवावर फार जीव. दुकानात गिऱ्हाईक नसले की ते त्याला हरभऱ्याच्या उघड्या पोत्यापाशी उभा करीत आणि तो दोन्ही हात कोपरापर्यंत दाण्यांत खुपसून खदखदा हसे. ओल्याला भिणाऱ्या या मुलाला कोरड्या दाण्यांचा स्पर्श मात्र आवडे. अण्णांना वाटे, सुनेने परात मांडण्याच्या आधीपासून हा खेळ आपणच खेळवतो आहोत. एका संध्याकाळी नातवाने दाणे तोंडात टाकले आणि त्याच वेळी हसला. ठसका लागला, चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी आले. त्याचे नशीब, की जोराच्या खोकल्याने दाणा बाहेर पडला. सारे दहा-बारा सेकंदांत घडले. अण्णा नंतर बराच वेळ गादीवर नुसते बसून होते. चाळीस वर्षे धान्यात गेलेला माणूस. धान्याने असे काही होऊ शकते, हे त्यांच्या मनात कधी आलेच नव्हते.

हरभरा, वाटाणा, शेंगदाणा, मका, चिंचोका, सीताफळाची बी हे सारे दाणे लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकण्याच्या नेमक्या मापाचे असतात. कडधान्याचा दाणा तेथील ओलाव्याने फुगतो आणि वाट आणखी बुजवतो. चार-पाच वर्षांपर्यंत आख्खे दाणे ना खायला द्यावेत ना खेळायला. मूल जोराने खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. आवाज फुटत नसेल, श्वास घेता येत नसेल, तर लगेच पालथे करून, डोके खाली ठेवून, दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा द्याव्यात. दाणा निघाला नाही तर एक वर्षाखालील बाळाच्या छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच वेळा दाब द्यावा. त्याहून मोठ्या मुलाला मागून धरून बेंबीच्या वर, आत-वरच्या दिशेने पाच वेळा दाब द्यावा. हे आळीपाळीने करीत राहावे आणि दुसऱ्याने १०८ क्रमांकाला दूरध्वनी करावा. न दिसणारा दाणा काढण्यासाठी घशात बोट घालू नये, तो आणखी आत सरकतो. ठसका थांबला, पण नंतर खोकला किंवा छातीतून शिट्टीसारखा आवाज येत राहिला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. दाणा आतच असू शकतो.

सराफी पेढी असलेल्या कुटुंबांसाठी आणखी एक. जुन्या तराजूच्या पेटीत वजनासाठी ठेवलेल्या लाल-काळ्या गुंजा अजून अनेक घरांत सापडतात. दिसायला मोहक, पण चावली गेलेली गुंज अत्यंत विषारी असते. ती पेटी कुलपात असावी. तसेच पाण्यात घातल्यावर फुगणारे रंगीत मणी. मोहरीएवढा मणी गिळला गेला तर आतड्यात कित्येक पटीने फुगून वाट अडवतो आणि क्ष-किरण चित्रातही दिसत नाही. २०२३ च्या अखेरीस अमेरिकेतील मोठमोठ्या विक्रेत्यांनी मुलांसाठीचे असे मणी विकणे थांबवले. आपल्या जत्रांत आणि खेळण्यांच्या दुकानांत ते अजून पुड्यांत मिळतात. ज्यांचा खेळण्यांचा व्यापार आहे, त्यांनी निदान गिऱ्हाइकाला मुलाचे वय विचारावे.

त्या प्रसंगानंतर नातवाच्या दाण्यांच्या खेळाची जागा कण्यांनी घेतली. तांदळाच्या कण्या मऊ शिजवून, निववून, त्यात थोडे आमसुलाचे पाणी. सोबत करवंटी, लाकडी पळी, जुन्या मलमलीचा तुकडा. दर वेळी धान्यच हवे असेही नाही. गाळलेले दोन तांबे पाणी, गाळणी आणि वाट्या यांत मूल तेवढेच रमते, मात्र पाण्यापाशी त्याला क्षणभरही एकटे सोडू नये. बोटभर पाण्यातही लहान मूल बुडू शकते. परातीखाली जुने धोतर अंथरलेले असते. सामग्रीत साखर नसते, म्हणून मुंग्या येत नाहीत आणि पुसताना त्यांचा जीव जात नाही. उरलेली उकड-खळ मोरीत ओतली तर ती तुंबते. ती ओल्या फडक्याने गोळा करून परसातल्या खतखड्ड्यात जाते. हात लावायला नको असेल त्या दिवशी नातवाच्या हाती चमचा दिला जातो. त्याचा हात धरून पिठात बुडवायचा नाही, ही अट सुनेने घातलेली, आणि ती सर्वांत अधिक अण्णांना पाळावी लागते.

अकराव्या की बाराव्या दिवशी नातवाने उकडीचा एक तुकडा स्वतःहून जिभेवर ठेवला, विचार केला आणि गिळला. त्यानंतर मऊ भात दोनदा खाल्ला, तिसऱ्यांदा थुंकला. केळ्याला अजून हात लावलेला नाही. सकाळी आमसुले भिजत घालण्याचे काम आता आजींकडे आहे. सून एखाद्या दिवशी दुकानाच्या हिशेबात गुंतली, तर दुपारी साडेतीनच्या सुमारास माजघरातून परातीचा आवाज येतो. ती आजींनीच काढलेली असते.